मसूर कच्चा, भोपळ्याचा गाळ: भाज्या घातलेली आमटी पुन्हा पुन्हा का बिघडते?

तक्रार बहुतेक घरांत एकच असते. अख्खा मसूर, लाल भोपळा, गाजर, शेवग्याच्या शेंगा, टोमॅटो, दोन-तीन आमसुलं असं सगळं एकदम कुकरमध्ये घातलं आणि चार शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर भोपळा विरघळून गेलेला, शेंगांची नुसती सालं तरंगतायत आणि मसूर दाताखाली कचकचतोय. मग पुन्हा झाकण, आणखी तीन शिट्ट्या. मसूर जिथल्या तिथे, आता गाजरही गेलं. पुढच्या वेळी पाणी वाढवून बघायचं, त्याच्या पुढच्या वेळी दुकान बदलून बघायचं आणि शेवटी ‘आमच्याकडे ही आमटी जमतच नाही’ म्हणून नेहमीच्या वरणावर यायचं.

ती जमते, आणि जमायला हवी असं मला मनापासून वाटतं. दूध, दही, तूप, साय यातलं काहीही न घालता एका भांड्यात डाळ, चार भाज्या आणि भाताबरोबर किंवा पावाबरोबर पोटभर जेवण होतं. घरात कुणी व्हीगन झालं असेल, कुणाला दूध सोसत नसेल, तर रोजच्या सामानातून होणारा याच्याइतका सोपा पदार्थ शोधून सापडायचा नाही.

शिट्ट्या वाढवून हा दोष जात नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. मसूर अडतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. डाळ शिजायच्या आधी तिला आंबट लागलेलं असतं. आंबट नसेल तर पाणी बघायचं, आणि पाणीही बरं असेल तर डाळीचं वय.

आंबट आधी पडलंय का?

दाण्याच्या आतल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. दाणा मऊ होतो तो हे पेक्टिन गरम पाण्यात सुटलं म्हणून. पाणी आंबट असेल तर पेक्टिन सहजी सुटत नाही आणि दाणा तासभर उकळला तरी आतून टणक राहतो. टोमॅटो, चिंचेचा कोळ, आमसूल, कैरी, लिंबू या सगळ्यांना हाच नियम लागू. गूळही डाळ शिजल्यावरच घालावा. त्यातली साखर आणि कॅल्शियम दोन्ही दाणा मऊ होण्याच्या आड येतात.

घाईच्या स्वयंपाकात नेमकं इथेच बिनसतं. ऑफिसातून येऊन कुकरमध्येच फोडणी करायची, कांदा-टोमॅटो परतायचा, त्यावर मसूर, पाणी आणि झाकण. एकच भांडं घासायला पडतं म्हणून ही पद्धत घरोघरी रुळली आहे. तूरडाळीसारखी सोललेली डाळ एखाद्या टोमॅटोने फारशी अडत नाही, म्हणून वरणात हा दोष कधी दिसला नाही. अख्ख्या मसुराला साल असते, त्याला आधीच वेळ जास्त लागतो, आणि त्यात आंबट पडलं की तो हटून बसतो.

उपाय साधा आहे. कुकरमध्ये मसूर, पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल, बस्स. कुकरची वाफ जिरेपर्यंत दहा-बारा मिनिटं तशीही जाणारच असतात. तेवढ्यात कढईत कांदा, लसूण, टोमॅटो, मसाला परतून होतो. भांडं एक वाढलं, वेळ वाढला नाही.

मसूर शिजला का, हे डोळ्यांनी बघून ठरवू नका. साल फाटलेली दिसली तरी आत कच्चं असू शकतं. चमच्यावर पाच-सहा दाणे घ्या, जरा निवू द्या आणि एकेक दाणा अंगठा नि तर्जनीमध्ये दाबा. साल बाजूला सरकून आतलं सगळं बोटाला सपाट लागलं पाहिजे. मधोमध मोहरीएवढा पांढरट टणक कण हाताला लागला तर अजून वेळ आहे. असा एकही दाणा असेल तोवर आमसुलाचा डबा उघडायचा नाही.

सांबार करणाऱ्यांनी हा क्रम पद्धतीतच बसवून टाकलाय. शेवगा, भोपळा, छोटे कांदे चिंचेच्या पाण्यात वेगळे उकळतात, डाळ वेगळी शिजवून घोटतात आणि शेवटी दोन्ही एकत्र करतात. डाळीची आणि चिंचेची गाठ डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच पडते. शिवाय भाज्यांमध्येही पेक्टिन असतंच, त्यामुळे चिंचेच्या पाण्यात त्यांचे तुकडे आकार धरून राहतात. हे आपल्या आमटीतही वापरता येतं: दुधी किंवा भोपळा फार गळतो असं वाटत असेल तर आमसूल घातल्यानंतर तो सोडा. बटाटा मात्र आंबटाच्या आधी, नाहीतर तोही मसुरासारखाच अडून बसेल.

सुरणाची गोष्ट वेगळी. त्याच्यातल्या ऑक्झलेटच्या बारीक सुयांमुळे घशाला खाज येते, म्हणून त्याला आंबट लागतंच. सुरण आमसूल घालून वेगळा उकडा, ते पाणी टाकून द्या आणि फोडी शेवटी आमटीत घाला. त्याला मसुराबरोबर कुकरमध्ये बसवायच्या भानगडीत पडू नका.

मग पाणी

एकाच पिशवीतली डाळ दोन घरांत वाटून घेतली, लालबागच्या घरी ती वीस मिनिटांत गळली आणि उपनगरातल्या नव्या इमारतीत तासभर उकळूनही टणक राहिली, असं होऊ शकतं. डाळ तीच, कुकर तोच. फरक नळाचा.

मुंबई महापालिकेचं पाणी येतं ते तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून. म्हणजे मुळात साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी. जिथे हे पाणी पुरत नाही तिथे सोसायट्या बोअरिंग लावतात, उन्हाळ्यात टँकर मागवतात, आणि पुष्कळदा हे सगळं एकाच टाकीत मिसळतं. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. हे क्षार दाण्याच्या पेक्टिनला धरून ठेवतात, त्याला सुटू देत नाहीत. परिणाम आंबटासारखाच, फक्त वाट वेगळी.

जड पाण्याची खूण स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात दिसतेच. साबणाला फेस येत नाही, गिझर लवकर बिघडतो, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो. तरीही खात्री करायची असेल तर दोन छोटी पातेली घ्या. दोन्हींत मूठमूठभर मसूर, त्याच पिशवीतला. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात बाटलीचं किंवा आरओचं. मीठ नाही, हळद नाही, काही नाही. झाकण ठेवून सारख्याच आचेवर उकळा आणि वीस मिनिटांनंतर दर पाच मिनिटांनी दाणा दाबून बघा. बाटलीच्या पाण्यातला आधी गळला तर गुन्हेगार सापडला. दोन्ही बरोबर गळले तर पाण्याला दोष देऊ नका. दोन्ही टणक राहिले तर डाळ जुनी आहे.

पाणी जड निघालं तर भिजवायला आणि शिजवायला प्यायचं आरओचं पाणी वापरा. भाज्या धुवायला, भात धुवायला नळाचंच चालेल. आरओ नसेल तर चिमटीभर खाण्याचा सोडा, वाटीभर मसुराला पाव चमच्याच्याही निम्मा, भिजवण्याच्या पाण्यात घाला आणि ते पाणी टाकून द्या. सोडा मी शेवटचा उपाय म्हणून सांगते. त्याने दाणा मऊ होतो हे खरं, पण बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि हात जरा सैल पडला की आमटीला साबणासारखी चव येते. ती चव कोणत्याही मसाल्याने झाकत नाही.

मिठाला मात्र उगाच बदनाम केलंय. मिठाने डाळ शिजत नाही, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. वस्तुस्थिती उलट आहे. भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल लवकर मऊ होते. जड पाण्याच्या घरात तर हे नक्की करून बघा. आमटीत मीठ घालताना भिजवणीचं मीठ लक्षात ठेवा, एवढंच.

डाळ जुनी की मिसळलेली?

इथे एक खूण फार कामाची आहे. सगळेच दाणे सारखे टणक असतील तर आंबट, पाणी नाहीतर जुनी डाळ. पण काही दाणे पार विरघळले आणि काही खड्यासारखे राहिले, तर डब्यात दोन वेळच्या खरेद्या एकत्र झाल्या आहेत. जुना किलो संपायच्या आत त्यावर नवा ओतला की हे ठरलेलंच. डबा रिकामा करून, पुसून, मगच नवं धान्य भरायचं ही जुन्या बायकांची शिस्त स्वच्छतेइतकीच शिजण्यासाठीही होती.

काही गणंग दाणे प्रत्येक पिशवीत असतात. भिजवल्यावर ते आपोआप कळतात: बाकीचे फुगून गुबगुबीत होतात, हे तेवढेच बारीक नि गुळगुळीत राहतात. परातीत पसरून हाताने निवडून टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

डाळ जुनी होते म्हणजे नुसती तारीख उलटत नाही. उष्ण आणि दमट हवेत दाण्याच्या आत हळूहळू बदल होतात, आतलं बांधलेलं कॅल्शियम मोकळं होऊन पेशींच्या भिंतीत जाऊन बसतं, आणि मग तो दाणा कितीही उकळला तरी पूर्वीसारखा गळत नाही. मुंबईची हवा या कामाला जणू नेमलेलीच. जूनमध्ये भरून ठेवलेली डाळ दिवाळीला काढली तर ती शेल्फवर होती त्याच अवस्थेत नसते. म्हणून पावसाळ्याआधी कडधान्याची मोठी साठवण टाळा. महिन्याला लागेल तेवढंच आणा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, गॅसच्या शेगडीपासून दूर. फ्रीजमध्ये जागा असेल तर उत्तमच. वाण्याकडे जरा खप असलेलं दुकान बघा. जिथे गोणी लवकर संपते तिथला माल ताजा असतो.

जुना मसूर घरात पडलाच असेल तर टाकू नका. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, शिजवून वाटा आणि आमटीला दाटपणा आणायला वापरा. मुंबईत मे महिन्यात रात्रभर भिजवायचं तर फ्रीजमध्ये. बाहेर ठेवलेल्या पाण्याला सकाळी फेस आणि आंबूस वास येतो.

भाज्या केव्हा

आधी ठरवा, भाज्या दिसायला हव्यात की विरघळायला. पारशी धनसाकात भोपळा, वांगं, मेथी डाळीबरोबरच शिजवून घोटून टाकतात. तिथे भाज्यांचा गाळ हाच पदार्थाचा आत्मा आहे. तशी आमटी हवी असेल तर भोपळा आणि वांगं खुशाल मसुराबरोबर कुकरमध्ये घाला.

फोडी दिसायला हव्या असतील तर कुकर नको. मसूर शिजला की जाड बुडाच्या पातेल्यात काढा, दोन वाट्या गरम पाणी घाला आणि भाज्या उघड्यावर शिजवा, जिला वेळ जास्त ती आधी. शेवग्याच्या शेंगा आणि बटाटा पहिल्यांदा, पाच मिनिटांनी गाजर आणि फरसबी, आणखी पाच मिनिटांनी भोपळ्याच्या किंवा दुधीच्या इंचभर फोडी, साली ठेवून. भोपळ्याची साल कोवळी असेल तर काढूच नका, तीच फोडीला धरून ठेवते. वांगं भोपळ्याबरोबर. मग कढईतला कांदा-टोमॅटोचा मसाला आणि आमसुलं. पालक अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी. गाजराच्या फोडीत सुरीचं टोक सहज गेलं की बाकीच्यांची काळजी करायची गरज नाही.

कुकरबद्दल थोडक्यात. डाळी फेसाळतात, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, आणि ते चमचाभर तेल फेस बसवण्यासाठीच आहे. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. एका घरची शिट्टी दोन मिनिटांनी होते, दुसऱ्या घरची सहा मिनिटांनी. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून, चार तास भिजवलेल्या अख्ख्या मसुराला आठेक मिनिटं, न भिजवलेल्याला पंधरा. पूर्ण दाबाखाली कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. झाकणाच्या कडेने सतत वाफ निसटत असेल तर ते तापमान गाठलंच जात नाही, तेव्हा रबर बदला. सोललेल्या मसूरडाळीला तर कुकरची गरजच नाही, उघड्या पातेल्यात वीस मिनिटांत होते.

वर पाणी, खाली मसूर

अख्खा मसूर नीट शिजला तरी आकार सोडत नाही, त्यामुळे रस्सा पाणचट राहतो. बेसन लावू नका, कच्चट वास येतो आणि आमटीची पिठल्याकडे वाटचाल सुरू होते. त्याऐवजी वाटीभर मसुराबरोबर मूठभर मसूरडाळ शिजायला घाला. ती पूर्ण विरघळते आणि रस्सा धरून ठेवते. किंवा शिजलेल्या मसुरातला दोन डाव भाग काढून रवीने घोटून परत मिसळा. दुधी पाणी सोडतो, तेव्हा तो घालणार असाल तर सुरुवातीचं पाणी अर्धी वाटी कमी.

दाट झालेली आमटी खाली लागते. जाड बुड हवंच, आणि ते नसेल तर पातेल्याखाली तवा ठेवा.

तूप नसलं की चव अपुरी वाटते, ही तक्रार रास्त आहे, पण तुपाच्या जागी नुसतं तेल वाढवून ती भागत नाही. कांदा आणि सुकं खोबरं खरपूस भाजून केलेलं वाटण घाला, मालवणी घरांत करतात तसं. नाहीतर दोन चमचे शेंगदाण्याचं कूट. त्यावर शेवटी लसणाची दुसरी फोडणी, लसूण तांबूस झाल्यावर लाल तिखट घालून लगेच ओतलेली. नारळाचं दूध आवडत असेल तर तेही चालतं, मात्र ते घातल्यावर खळखळून उकळू द्यायचं नाही. आंबटात आणि मोठ्या आचेवर ते फुटतं आणि वर तेलकट दाणे तरंगतात. गॅस बारीक, एक वाफ, बंद.

बाजारी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं पीठ मिसळलेलं असतं. व्हीगन पाहुण्याला त्याने काही होत नाही, गहू वर्ज्य असलेल्याला होतं, तेव्हा डबीवरचं वाचून घ्या. लादीपाव आणणार असाल तर वरून दूध किंवा बटर लावतात का, हे बेकरीत विचारा. प्रत्येकाची पद्धत निराळी असते.

राहिलेली आमटी मोठ्या पातेल्यात ओट्यावर रात्रभर ठेवली तर सकाळी ती उतरलेलीच असणार, विशेषतः नारळाचं दूध घातलेली. दोन-तीन पसरट डब्यांत काढा म्हणजे लवकर निवते, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. नारळाचं दूध खायला घ्याल तेवढ्याच भागात घाला. दुसऱ्या दिवशी ती घट्ट गोळा झालेली असते. त्यात गार पाणी नको, उकळतं पाणी थोडं थोडं घालत हलवा, चांगली उकळी येऊ द्या आणि मीठ-आंबट पुन्हा चाखून बघा, कारण पाण्याबरोबर दोन्ही उतरतात.